गार पाण्याचा दोष नव्हता

खानापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत, आणि माझ्या सहा वर्षांच्या भाच्याची छाती भरली नाही असा पंधरवडा त्या दिवसांत क्वचितच जातो. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. घरी येणारी प्रत्येक बाई माझ्या बहिणीलाच विचारते, "गार पाण्यानं न्हाऊ घातलंस काय गे त्याला?" त्या वेळी खाली जाणारी तिची मान मी पाहिली आहे, म्हणून हे लिहितो आहे.

या मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होतात. ती ग्रंथी या मुलांत जन्मापासूनच लहान असते, त्यामुळे नव्या जंतूला सामोऱ्या जाणाऱ्या कोऱ्या टी पेशी कमी पडतात. जंतूंना निकामी करणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशीही कमी असतात आणि लसीनंतरची प्रतिपिंडे अनेकदा बेताचीच बनतात. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो आणि त्याच्या शस्त्रक्रियेत हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी थायमसचा बराच भाग बहुधा काढावा लागतो. भाच्याच्या छातीवर त्या शस्त्रक्रियेची बोटभर लांब, फिकट रेघ आहे.

मात्र ही प्रतिकारशक्ती नुसतीच दुबळी असते, असे समजणे चुकीचे आहे. विषाणू शिरल्यावर पेशी एकमेकींना इंटरफेरॉनद्वारे सावध करतात, आणि हा इशारा टिपणारे पेशीवरचे ग्राहक-रेणू घडवणाऱ्या सहा जनुकांपैकी चार नेमकी एकविसाव्या गुणसूत्रावर असल्याने पेशी त्याला गरजेपेक्षा तीव्र प्रतिसाद देतात. थायरॉइडवर, आतड्यावर स्वतःच्याच शरीराने हल्ला करण्याचे प्रमाण या मुलांत जास्त आढळते ते या बिघडलेल्या तोलामुळे, असे मानले जाते. म्हणूनच 'शक्ती वाढवणारे' म्हणून कुणी आणून दिलेले चूर्ण मला पटत नाही. उपयोगाच्या आहेत त्या वेळेवर दिलेल्या लसी, दरवर्षीची थायरॉइड तपासणी आणि श्वास जलद होताच डॉक्टरांकडे नेण्याची घाई.

यंदा मेअखेरीस आम्ही त्याला फ्लूची लस दिली. बहिणीने तापाच्या तारखांच्या वहीत त्याची नोंद केली आणि त्याखालीच थायरॉइडच्या पुढच्या तपासणीचा महिना लिहून ठेवला.