कापूस वेचाईच्या दिवसांत लेकरू कुठं ठेवायचं? माझा अनुभव

माझी बाळंतपणाची रजा संपली ती ऐन दिवाळीत, 2021 च्या नोव्हेंबरात. पोरगी सहा महिन्यांची झाली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात मी कंत्राटी आरोग्य सेविका आहे. रुजू झाले त्याच महिन्यात घरोघर जाऊन कोविडची लस द्यायची 'हर घर दस्तक' मोहीम सुरू झाली, त्यामुळं सकाळी नऊला निघालेली मी घरी कधी परतेन याचा नेम नव्हता. आमचे हे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर असतात. दिवाळी ते होळी त्यांचा सीझन, कापसाच्या गाड्यांची रांग रात्रीपर्यंत हटत नाही.

रजेवर असताना कोणी विचारलं की पोरीला कोण पाहणार, तर मी लगेच सांगायचे, "आत्याबाई आहेत ना." आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गंमत अशी नाही, खंत अशी की मी हे साऱ्या गावाला सांगितलं, आणि त्यांना एकदाही विचारलं नाही. रुजू व्हायच्या आठ दिवस आधी भाकरी थापता थापता त्याच म्हणाल्या, "पोरीले मी पाहतो, मले का जड हाय ते? पन वेचाईचे दिवस हायेत वं. मी घरी बसलो तं माह्या वेचाईचं काय?"

त्या वर्षी कापसाला भाव चांगला होता, वेचाईचे दरही चढले होते. आमच्याकडं किलोमागं 10 रुपये चालू होते. आत्याबाई दिवसाला 35 किलो वेचायच्या. साडेतीनशे रुपये रोज, रोखीनं, त्यांच्या स्वतःच्या हातात. वर्षभरात त्यांचा म्हणावा असा पैसा तेवढाच. लेकीची साडी, गुडघ्याचं औषध, नातवंडांच्या हातावर ठेवायची नोट, सगळं त्यातून. आजी पाहते म्हणजे फुकटात होतं, असा हिशेब मी मनाशी धरून बसले होते. वेचाईच्या तीन महिन्यांचा खर्च त्यांच्या खिशातून जाणार होता.

मग पहिली चूक झाली. आईनं म्हटलं, पोरीला इकडं माहेरी आर्वीला पाठव, सीझन संपला की घेऊन जा. मी पाठवली. बाराव्या दिवशी रविवार गाठून भेटायला गेले. अंगणात आई तिला कडेवर घेऊन उभी होती. मी हात पुढं केले तर पोरीनं माझ्याकडं टक लावून पाहिलं आणि मान फिरवून आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. छातीला लावलं तर चार घोट ओढून सोडून दिलं. दूध आटत आलं होतं. दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजत राहा, हे मी गावोगाव बायांना सांगते. त्याच संध्याकाळी तिला घेऊन परत आले. आजोळ वाईट नव्हतं, माझ्या आईनं जिवापाड सांभाळलं होतं. पण सहा-सात महिन्यांचं लेकरू आईपासून इतक्या लांब ठेवायचं नाही, एवढं मला त्या एका नजरेत कळलं.

तालुक्याच्या गावातलं एक पाळणाघरही पाहून आले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, चौदा लेकरं, एक बाई. जिन्याला दार नव्हतं. मी विचारलं, तुम्ही स्वयंपाकघरात गेल्या की यांच्याकडं कोण पाहतं? त्या म्हणाल्या, टीव्ही लावून देते. मी तिथूनच परत फिरले. तसंही 18 किलोमीटर रोज न्यायचं कसं? त्या दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू होता, गावात बस येत नव्हती, आणि काळीपिवळीत तान्ह्या लेकराला कोंबून न्यायला मन होईना.

नोकरीच्या ठिकाणी काही सोय होते का, हेही विचारलं. मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली, 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं असं त्यात होतं. आमच्या उपकेंद्रात आम्ही तिघं. अंगणवाडीत सहा महिन्यांपासून घरी न्यायचा आहार मिळतो, पण लेकरू बसवून घेतात ते तिसरं वर्ष लागल्यावर नाही, तीन पूर्ण झाल्यावर. म्हणजे सहा महिने ते तीन वर्षं, या अडीच वर्षांची जबाबदारी घरानंच उचलायची.

त्या रात्री घरी आत्याबाई, हे आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून खाली बसलो. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आमच्या यांच्या डोक्यात आलं. जिनिंगमध्ये रोज आवक लिहायची सवय, तसंच लिहू म्हणाले. आत्याबाई केव्हा मोकळ्या, हे केव्हा मोकळे, मी केव्हा घरी. लिहून पाहिलं तर वर्षभराचं ओझं वर्षभराचं नव्हतंच. होळीनंतर यांचा सीझन संपतो, दुपारी ते घरी असतात. उन्हाळ्यात वावरात काम नाही, आत्याबाई घरीच. अडचण दोनदाच: निंदणाच्या दिवसांत थोडी, आणि दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मोठी. सोयाबीन सोंगणं, वेचाई आणि जिनिंग, तिन्ही एकदम. त्यातही सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. वर्षभरासाठी माणूस शोधायचा म्हणून आम्ही घाबरून गेलो होतो, हवे होते चार-साडेचार महिने.

आमच्याच गल्लीत एक काकू राहतात. गुडघ्यानं वावरात जाणं सुटलेलं. त्यांच्याकडं गेलो, महिन्याला 2000 रुपये ठरले. काकू आधी म्हणाल्या, "लेकराचे का पैसे घेऊ बाप्पा?" पण मी आग्रह धरला. पैसे न घेता सांभाळणाऱ्या माणसाला काही सांगायची सोय राहत नाही.

पैसे ठरवायच्या आधी मी त्यांचं घर पाहिलं, आणि हे मी प्रत्येक आईला सांगते की लाजू नका, पाहा. रांगणाऱ्या लेकराच्या उंचीवर बसून पाहा. मी मधल्या खोलीत खाली बसले तेव्हा दिसलं, खाटेखाली फवारणीच्या औषधाचा निळा डबा, झाकण अर्धवट लागलेलं, शेजारी त्यातून औषध मोजायचा पेला. काकूंच्या पोरानं ठेवलेला. मला घाम फुटला. 2017 च्या फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते दिवस मी जवळून पाहिलेत. आणि ती मोठी, कळती माणसं होती. डबा त्याच दिवशी गोठ्यामागच्या कोठीत गेला, कोठीला कुलूप. अंगणातल्या टाक्यावर झाकण नव्हतं, ते यांनी जुन्या टिनाचं करून दिलं. एका खोलीत छातीइतका कापूस भरला होता. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, तान्ह्या लेकराला तर फारच, म्हणून त्या खोलीत तिला न्यायचंच नाही असं ठरलं. काकूंना राग येईल असं वाटलं होतं. त्या उलट म्हणाल्या, "तू पाह्यलं ते बरं झालं वं, माह्या नातवाच्या वेळेस मी कधी हे पाह्यलंच नाई."

पहिले आठ दिवस हळूहळू केले. एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत. आत्याबाई सोबत बसायच्या. मी सकाळी दूध काढून स्टीलच्या झाकणाच्या डब्यात द्यायचे, वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नाही. थंडीत ते चार तास निभायचं. उन्हाळा असता तर दिवसभर जाणाऱ्या विजेच्या भरवशावर मी ते ठेवलं नसतं. वरचं खाणं म्हणजे घट्ट वरण-भात कुस्करून, ज्वारीच्या कण्या, वर थोडं तेल.

सगळं सुरळीत झालं असं नाही. डिसेंबरात एकदा लवकर आले तर काकू बशीत चहा फुंकून तिला बिस्कीट बुडवून देत होत्या. मी तिथं काही बोलले नाही. रात्री आत्याबाईंना सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं समजावलं. सुनेनं शेजारणीला सांगण्यापेक्षा तिच्या वयाच्या बाईनं सांगितलं तर कानाला लागतं. त्यानंतर चहा बंद झाला, निदान माझ्या पोरीचा.

जानेवारीत पोरीला ताप भरला. काकूंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या गावात लसीकरणाच्या सत्रात, हे काट्यावर, आत्याबाई वावरात, तिथं मोबाईलला रेंज नाही. काकूंना गुडघ्यामुळं उचलून नेता येईना. शेवटी गावातल्या आशा सेविका तिला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. साधाच ताप होता. पण त्या दीड तासात मला समजलं की आपण सांभाळणारं माणूस ठरवलं, अडीअडचणीचं माणूस ठरवलंच नाही. त्या रात्री काकूंच्या भिंतीवर जाड अक्षरात तीन नंबर लिहून चिकटवले, तिसरा माझ्या चुलत दिराचा, त्याची गावात पिठाची चक्की आहे, तो दिवसभर गावातच असतो.

असे तीन सीझन गेले. 2024 च्या जूनपासून पोरगी अंगणवाडीत जाते. तिथून दुपारी सुटली की सीझनमध्ये काकू घेऊन येतात. आता त्यांना पूर्ण दिवस लागत नाही म्हणून त्यांनी आणखी एक लेकरू धरलंय.

केंद्र सरकारच्या 'मिशन शक्ती' कार्यक्रमात पाळणा योजना आहे, अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी. आपल्या गावात ते व्हावं म्हणून 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी विषय काढला. मागून कोणीतरी म्हणालं, घरात म्हाताऱ्या आहेत ना, पाळणा कशाले पाहिजे. मी उत्तर द्यायच्या आत आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्हाताऱ्या वेचाईले गेल्या तं पाहीन कोन? आन् नाई गेल्या तं तुमचा कापूस कोन वेचते?" सभेत बायाच जास्त होत्या. ठराव लिहिला गेला, त्याला जोडलेल्या यादीत तीन वर्षांखालच्या अकरा लेकरांची नावं आहेत. मंजुरी अजून यायची आहे; यादीची एक प्रत मी उपकेंद्राच्या कपाटात ठेवली आहे आणि महिन्यातून एकदा विचारायला जाते.