पाऊणकी, सहा आणे आणि ३४ सेकंद

बँकेच्या पूर्वपरीक्षेत गणिताला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ३४ सेकंद. हा भागाकार मी विश्रामबागच्या अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी कागदावर केला, त्यातच दहा सेकंद गेली. पहिल्या सराव पेपरात चौदा प्रश्न सुटले. सगळे दशांश चिन्हासकट, देखण्या अक्षरात.

घरी तोच पेपर परत सोडवत बसले होते. ७९९.६ चे ३७.४८ टक्के अधिक २४.९ चा वर्ग, अंदाजे किती? मी गुणाकार मांडला. पलंगावरून आबा म्हणाले, "किती लिवतीस गं? आठशेचं सहा आणे किती?"

मला कुठले आणे माहीत!

"तीनशे. पंचवीसाचा वर्ग सव्वासहाशे. नऊशे पंचवीस धर." पर्यायांत ८६५, ९२५, ९८५ असे आकडे होते. मी नंतर मुद्दाम काटेकोर करून पाहिलं, तर ९१९.७ आलं.

आबा हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. एप्रिल १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा ते शाळेत होते, त्यामुळे डोक्यात सोळा आण्यांचाच रुपया बसलेला. एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के, दोन आणे साडेबारा, सहा आणे साडेसदतीस, दहा आणे साडेबासष्ट. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीडचे पाढे, तोंडपाठ. क्लासमध्ये हेच 'फ्रॅक्शन टेबल' म्हणून पाठ करायला देतात, फी घेऊन. ७४.८ टक्के दिसले की आता मी सरळ पाऊणकी म्हणते. ६३९.९ ची पाऊणकी ४८०, पुढचा प्रश्न.

मग मला जोर चढला. दिसेल ते पन्नास, दिसेल ते शंभर. पुढच्या पेपरात चार उत्तरं चुकली आणि प्रत्येक चुकीला पाव गुण गेला. त्यातलं एक तर अगदीच लाजिरवाणं: ४७ गुणिले ५२. मी पन्नास गुणिले पन्नास, पंचवीसशे म्हणून २५०४ वर टिचकी मारली. पर्यायांत २४४४ सुद्धा होतं.

आबांना सांगितलं तर हसले. "हे अंदाजपंचे दाहोदरसे झालं. सत्तेचाळीस पोती, बावन्न किलोची. तीन पोती तू फुकट वाढवलीस, म्हणजे दीडशे किलो. पोत्यामागं दोन किलो सोडलंस, त्याचं शंभर. मग माल साडेचोवीस क्विंटलच्या आतच असणार की!"

किती सोडलं आणि कुठल्या बाजूला सोडलं, याचा हिशोब मी ठेवतच नव्हते. आता गुणाकारात एक आकडा वर नेला की दुसरा तेवढ्याच टक्क्यांनी खाली आणते. भागाकारात उलट, दोन्ही एकाच दिशेला: ४१८७ भागिले ५२.३ असेल तर ४१६० भागिले ५२, म्हणजे ८०. आणि आधी पर्याय बघते. ते एकमेकांना खेटून असतील तर अंदाजाच्या भानगडीत न पडता शेवटचा अंक तपासते, नाहीतर प्रश्नच सोडते.

चक्रवाढ व्याजाला मात्र मला अजूनही मजा येते. ७८५० रुपये, १२ टक्के, तीन वर्षं. सरळव्याज छत्तीस टक्के, २८२६. पर्यायांत २८२६ असतंच, सापळा म्हणून. चक्रवाढ त्याच्या वर जाणार, चाळीस टक्क्यांच्या जरा पुढे. चाळीस टक्के म्हणजे ३१४०. मग ३१७९ आणि ३६४० यांत निवड करायला कागद लागत नाही.

काल सराव पेपरात २७ सोडवले, २० बरोबर आले. चुकांचे गुण वजा जाऊन सव्वाअठरा. मी खुशीत आबांना आकडे सांगितले. त्यांनी चष्मा न लावताच विचारलं,

"सत्तावीसातले वीस म्हणजे बारा आण्याला जरा कमीच. वरचे चार आणे कुठं सांडलीस?"