मुदत संपलेली खदान पुन्हा चालू करताना

पारोळ्याच्या अलीकडे, महामार्गापासून आत, आमची दगडाची खदान आणि क्रशर. सुरत-नागपूर रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं तोवर खडीला मरण नव्हतं. मग आबांचं आजारपण आलं, त्यातच खाणपट्ट्याची मुदत उलटली आणि ते गेल्यावर सगळंच थांबलं. पुन्हा चालू करायचं ठरवलं तेव्हा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत पहिलंच वाक्य ऐकलं: मुदत संपल्यावर नूतनीकरण कसलं, नव्याने अर्ज करा.

सातबाऱ्यावर वारसनोंद, मोजणी, ग्रामपंचायतीचा कागद ही कामं वेळखाऊ, पण ओळखीची. खरा फरक पर्यावरण मंजुरीचा. आबांनी पट्टा घेतला तेव्हा 5 हेक्टरच्या आतल्या खदानीला ती लागत नव्हती. 27 फेब्रुवारी 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात लहान खदानींनाही ती बंधनकारक केली. 2016 मध्ये हे काम जिल्हा पातळीवरच्या प्राधिकरणाकडे आलं होतं, पुढे हरित लवादाने ते काढायला लावलं. आता ते राज्याच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे दगड पारोळ्याचा आणि निर्णय मुंबईचा. अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर घरबसल्या होतो, एवढाच दिलासा.

त्यात 500 मीटरचा दाखला जपून घ्यावा. तेवढ्या अंतरातल्या सगळ्या खदानींचं क्षेत्र मिळून 5 हेक्टरच्या वर गेलं, की तुमची खदान कितीही लहान असो, प्रकरण समूहात जातं. मग पर्यावरणीय आघाताचा अहवाल आणि जनसुनावणी आलीच. शेजारची बंद पडलेली खदान धरायची की नाही यावरच आमचा दाखला अडकला होता. शेवटी जागेवर फीत लावून मोजलं, ती हद्दीबाहेर निघाली.

आता गोंधळाची गोष्ट. रॉयल्टी, म्हणजे दगडाचं सरकारला द्यायचं शुल्क, ब्रासवर; खाणकाम आराखडा घनमीटर आणि टनांत. ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. पण कुठला ब्रास? आमचा काळा पाषाण जागेवर घट्ट असताना एक ब्रास साधारण 8 टन भरतो; फोडून गाडीत भरला की मध्ये पोकळी राहते, तोच ब्रास साडेचार टनांच्या आसपास. आमच्या सल्लागाराने एका पानावर घट्ट दगडाचा हिशेब धरला, दुसऱ्यावर गाडीचा. वार्षिक उत्पादन दोन जागी दोन, लगेच त्रुटीपत्र. कोणाचाही आराखडा हातात आला की आधी हे दोन आकडे जुळवा, बाकी नंतर.

आराखड्याच्या शेवटी खदान बंद कशी करणार ते लिहावं लागतं, खर्चासकट. हद्दीपासून साडेसात मीटर पट्टा न खणता सोडायचा, तिथे झाडं लावायची. उभा कडा नको, पायऱ्या ठेवायच्या. वरची काळी माती वेगळी रचून ठेवायची. खड्ड्याला कुंपण. हे सांगितलं तेव्हा शेजारच्या नानांनी विचारलं, "मंग त्या खड्डाना बी पैसा भरना पडतीन का?" पडतातच. त्यांना मात्र खड्डा बुजवायलाच नको होता, पावसाचं पाणी साठलं तर त्यांच्या कापसाला एक-दोन पाणी सुटतात. आराखड्यात तो पाणीसाठा म्हणून दाखवला, त्यासाठी एका बाजूने उतार आणि कुंपणाला फाटक.

चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीत असलेला मावसभाऊ खदान बंद करण्यासाठी धरलेल्या आमच्या रकमेला हसला. तिकडे 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत उघड्या खाणीला हेक्टरी 6 लाख रुपये धरले होते; पैसा एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामाशिवाय काढता न येणाऱ्या खात्यात पडून, काम दाखवाल तसा परत. आमच्याकडे तीच जबाबदारी तुकड्यांत येते: पट्ट्याची अनामत सरकारकडे, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीला बँक गॅरंटी (अटी पाळल्या नाहीत तर पैसे बँक भरेल अशी लेखी हमी), आणि झाडं-कुंपणाचा खर्च स्वतःच्या खिशातून. अट योग्यच आहे. जिल्ह्यात उघडे टाकलेले खड्डे पाहिले की कळतं, पैसे आधी न घेता हे काम कोणी करत नाही.

पण लहान माणसाला गॅरंटी म्हणजे रोखच. बँकेने जवळजवळ पूर्ण रकमेची मुदतठेव मागितली, वर कमिशन आणि त्यावर जीएसटी. शाखेने आधी आपल्याच नमुन्यात गॅरंटी छापून दिली, मंडळाला त्यांचा नमुना हवा होता. कागद पुन्हा केला. नमुना आधी मंडळाकडून आणा, मग बँकेत जा.

आता महाखनिज या सरकारी पोर्टलवर वाहतूक पास निघतात, क्रशर चालू आहे. गॅरंटीची मुदत संमतीच्या पुढे काही महिने जाईल अशीच काढून घ्या. ठेवीवरचं व्याज खात्यात येणार की ठेवीतच जिरणार, हेही सही करण्याआधी शाखेत विचारा.