बडोदं बिघडलं का?

नोकरीपायी पुण्या-ठाण्याला गेलेली आमची बडोदेकर मंडळी लग्नकार्याला आली, की दांडिया बाजारातून एक फेरी मारतात आणि मग विचारतात, "बडोदं पूर्वीचं राहिलं नाही, हो ना?" तेव्हा त्यांची नजर पडक्या वाड्यांवर असते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. बिघडलंय. पण वाड्यांमुळे नव्हे. वाटेकरी दहा आणि घर एक म्हटल्यावर वाडा कधीतरी जाणारच. तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पुरातत्त्व खात्याने राखली, तेवढं नशीब. माझं दुखणं शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीचं आहे.

श्रावणात आम्ही सगळे पावागडला गेलो. सासूबाई, पुण्याची नणंद, तिची मुलं. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. उन्हाळ्यात रखरखीत दिसणारा तो डोंगर पावसात ओळखू येत नाही. कड्यांच्या फटीफटीतून हिरवं फुटलेलं, रोपवे जिथून सुटतो त्या माचीच्या वर सगळं ढगात. सासूबाई रोपवेने कालिकामातेला गेल्या, आम्ही पायऱ्यांनी. वाटेत पाण्याचे ओहोळ लागले, तेव्हा भाच्याला म्हटलं, विश्वामित्री याच डोंगरातून निघते. त्याचा विश्वास बसेना. "ती मगरींची? काळ्या पाण्याची?" पाणी नितळ होतं. अर्थात वेफर्सची पाकिटं तिथेही अडकलेली होतीच; देवीला जाताना माणसं खिशातलं सगळं वाटेत मोकळं करतात.

उतरल्यावर चांपानेर. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने 1484 मध्ये हे जिंकून इथे राजधानी वसवली. 1535 मध्ये हुमायूनने ते घेतलं, पुढे दरबार अहमदाबादला परतला आणि शहर रानात गेलं. 2004 पासून ते जागतिक वारसा आहे. जामा मशिदीतलं कोरीव काम बघत नणंद म्हणाली, "किती शांत आहे ना!" मला मात्र वडा तलाव बघावासा वाटत होता. डोंगरावरून येणारं पाणी अडवायचं कुठे, साठवायचं कुठे, याचा विचार करून गाव वसवलेलं होतं. सयाजीरावांच्या काळातलं आजवा धरणही त्याच शहाणपणातलं. तिथून बडोद्याकडे पाणी उताराने यावं, अशी त्याची रचना.

आणि आपण काय केलं? बडोद्यात कांसा आहेत: भूखी, मासिया, रूपारेल. पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारे हे जुने नैसर्गिक नाले. त्यांत सांडपाणी सोडलं, काही ठिकाणी वर स्लॅब टाकला, काठावर सोसायट्या उठवल्या. नदीकाठची कोतरं, म्हणजे घळी, भरणी करून सपाट केली. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची पातळी तर ओलांडलीच, पण पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. धो धो पाऊस झाला, आजव्यातून पाणी आलं, हे खरंच. पण आमच्या तळमजल्यावर जे शिरलं ते नदीकडून आलं नाही, उलट्या वाहणाऱ्या गटारातून आलं. सासूबाईंची शिसवी पेटी त्यात गेली. गल्लीत मगर दिसल्यावर सगळ्यांनी मोबाइल काढले. बिचारी मगर मात्र पूर्वीपासून याच पाण्यात राहते; वस्ती तिच्याकडे सरकत गेली.

2025 च्या उन्हाळ्यात नदी खोल-रुंद करण्याचं मोठं काम झालं. व्हायलाच हवं होतं. पण नदी कितीही खोदली, तरी कांस तुंबलेली असेल तर पाणी तिथवर पोचणार कसं? आणि कांस मोकळी करायची म्हणजे कुणाचा तरी पार्किंगचा स्लॅब फोडावा लागेल. तो आपल्याच कुणाचा तरी असतो, म्हणून ते काम राहून जातं.

गाडीत परतताना नणंदेने निवृत्तीनंतर बडोद्यात फ्लॅट घ्यायचा विषय काढला. तुमच्याही मनात तसंच असेल, तर माझं एक ऐका. भर पावसात या, आणि फ्लॅट आतून बघण्याआधी सोसायटीच्या मागच्या भिंतीशी जाऊन तिथल्या वॉचमनला विचारा, 2024 च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठवर आलं होतं. बिल्डरच्या नकाशात कांस नसते. वॉचमन बरोबर सांगतो.