आज किती?

“काय मग, कादंबरी कुठपर्यंत आली?”

गेली नऊ वर्षं हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, मंडईत, हळदीकुंकवाला विचारला गेलाय. दातांच्या डॉक्टरांनी तर आधी तोंडात आरसा घातला आणि मग विचारलं. झालं असं, की माझ्या आठ-दहा कथा दिवाळी अंकांत आल्या, त्यांचा एक संग्रह निघाला आणि २०१६ साली मी चारचौघांत बोलून बसले, आता कादंबरी लिहितेय. तेव्हापासून हा तगादा. सुरुवातीला मी “चाललंय” म्हणायचे. २०२० पासून “शेवटच्या टप्प्यात आहे” म्हणते. हल्ली तेवढ्यावर कोणाचं भागत नाही. नोकरी सांभाळून वेळ कसा काढता, सोडून द्यावंसं नाही का वाटत, प्रेरणा कुठून मिळते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पिग्मी एजंटाकडून.

मी सांगलीत एका नागरी सहकारी पतसंस्थेत अकाउंटला आहे, बावीस वर्षं. पिग्मी म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिकडच्यांसाठी सांगते. एजंट रोज दुकानादुकानात जातो, टपरीवाल्याकडून वीस, सलूनवाल्याकडून पन्नास असे पैसे गोळा करतो आणि संध्याकाळी भरणा करतो. ही युक्ती १९२८ सालची, उडुपीच्या एका बँकेची. तेव्हा रोज दोन आणेही चालायचे. जो माणूस स्वतःहून बँकेची पायरी चढणार नाही, त्याच्या दारात बँकेनं जायचं. बाकी त्यात काही नाही.

आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या एजंटाला सगळे काका म्हणतात. साठीच्या पुढचे, स्कुटीवर फिरणारे, खांद्याला रेग्झिनची बॅग. संध्याकाळी सहाच्या सुमाराला येतात, मशीनमधला आकडा आणि बॅगेतली रोकड जुळवतात, अर्धा कप चहा घेतात. २०२२ च्या जूनमध्ये असाच चहा पिताना त्यांनीही तो प्रश्न विचारला. मी म्हटलं, “काका, आठवडाभर हात लागला नाही. रविवारी बसून सगळं भरून काढणार आहे.”

काका म्हणाले, “तसं नसतंय मॅडम. माझा एक टपरीवाला रोज तीस रुपये देतोय. चार दिवस मी गेलो नाही, तर पाचव्या दिवशी दीडशे देतोय व्हय? तीसच देतोय. चार दिवसाचं गेलं ते गेलं.”

बावीस वर्षं त्या खात्यांची बेरीज मी करतेय आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

त्याआधी मी दोन-तीन उद्योग करून पाहिले होते. पहिला कॅलेंडरचा. दुधाचा हिशेब मांडतो त्याच चौकटीत खाली शब्दांचा आकडा लिहायचा. महिनाअखेर सासूबाई बिल काढायला बसल्या आणि त्यांनी विचारलं, “अगं, बारा तारखेला चारशे वीस लिटर?” दुसरा उद्योग नोव्हेंबरचा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या एकवीस जणांनी १९९९ साली एक खेळ सुरू केला होता, महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची. पुढे तो नोव्हेंबरात व्हायला लागला आणि जगभर पसरला. चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली. मी २०१८ साली त्यात नाव घातलं. दिवसाला सोळाशे सदुसष्ट शब्द. ज्यानं कोणी नोव्हेंबर ठरवला, त्याच्या घरात चकल्या होत नसाव्यात. त्या वर्षी सात तारखेला लक्ष्मीपूजन होतं. भाऊबीज उरकून बसले तेव्हा रोजचा हप्ता अडीच हजारांच्या घरात गेला होता. रोज थकबाकी वाढायची. वीस तारखेला माझं खातं एनपीए, म्हणजे बुडीत, झालं, अकरा हजार चारशे शब्दांवर. त्यातला एक प्रसंग आज हस्तलिखितात शिल्लक आहे.

मग २०१९ चा ऑगस्ट, महापूर. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर. त्या दिवसांबद्दल इथे लिहीत नाही. कॅलेंडरवर अठरा चौकटी कोऱ्या आहेत, दुधाच्याही.

तर जूनमधल्या त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनी काकांनी बॅगेतून एक जुनं पिग्मी कार्ड काढलं. मशीन यायच्या आधीचं, पुठ्ठ्याचं, बारा महिने आणि एकतीस घरं. त्यावर माझं नाव घातलं. खातं क्रमांकाच्या जागी ‘कादंबरी’. रोज आकडा मी सांगायचा, लिहायचा मात्र त्यांनी, आणि समोर त्यांची ती गिचमिड सही. मी मनाशी म्हटलं, म्हातारा गंमत करतोय, चार दिवसांनी विसरेल. पाचव्या दिवशी त्यांनी दारातूनच विचारलं, “मॅडम, आज किती?” काउंटरला आठ ग्राहक उभे. मी हळूच म्हटलं, “शून्य.” त्यांनी कार्ड काढून सगळ्यांदेखत शून्य घातलं आणि सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला, नळाला पाणी यायच्या आधी, मी एकशे दहा शब्द लिहिले. वाङ्मयाच्या ओढीनं नव्हे. संध्याकाळी सहा वाजता पुन्हा शून्य सांगायला लागू नये म्हणून.

हे मला कमीपणाचं वाटायचं. लेखकानं आतून लिहावं, वसुलीला घाबरून नाही. पुढे अँथनी ट्रोलोप या इंग्रज कादंबरीकाराचं आत्मचरित्र हाती लागलं. हा गृहस्थ पोस्ट खात्यात अधिकारी. नोकरी करताकरता पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ, दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द. अशा सत्तेचाळीस कादंबऱ्या. घड्याळाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातलं दुसरंच आवडलं. त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता, कॉफी घेऊन यायचा. या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. ट्रोलोपनं लिहून ठेवलंय, की आपल्या यशात इतर कोणाहीपेक्षा या माणसाचा वाटा कदाचित जास्त असेल. म्हणजे त्याच्याही दारात एजंट यायचा, आणि तो कमिशन देत होता. मी अर्धा कप चहावर भागवते.

आपल्याकडेही वेगळं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात हप्त्याहप्त्यानं कादंबऱ्या लिहिल्या. दर आठवड्याला छापखाना वाट बघत बसलेला. त्यातल्या काही अपुऱ्याही राहिल्या, आणि त्याचा मला फार धीर आहे. कथांचं तर मला स्वतःलाच ठाऊक आहे. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा ही जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्या संपादकांच्या फोनवर पिकणारी गोष्ट आहे. माझी एकही कथा अशी नाही, जी फोनशिवाय पूर्ण झाली. कादंबरीला फोन येत नाही. पाचशे-हजार प्रतींच्या आवृत्तीसाठी कोणता प्रकाशक माझ्या दारात उभा राहणार? कादंबरी लिहिणारा नऊ वर्षं अशा ठिकाणी जात असतो, जिथे त्याची कोणी वाट बघत नाही. लोक विचारतात म्हणून त्रासायचे मी, पण लोकांनी वर्षातून एकदा, पंगतीत विचारून उपयोग नसतो. रोज विचारावं लागतं. आणि विचारणाऱ्याला कथानकात रस नसला तर फार उत्तम.

काकांना नाही. एकदा मी त्यांना पहिलं प्रकरण वाचायला देऊ केलं. म्हणाले, “पूर्ण झाल्यावर द्या. मुदतीआधी मोडलं की व्याज मिळत नाही.”

त्या पहिल्या प्रकरणानं मात्र माझी दोन वर्षं खाल्ली, आणि दोष माझ्या धंद्याचा. पतसंस्थेत संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय उठायचं नाही. दोन रुपयांचा फरक असला तरी आठ वाजेपर्यंत बसायचं. तोच नियम मी कादंबरीला लावला. पहिलं प्रकरण जुळल्याशिवाय दुसरं नाही. चौदा वेळा लिहिलं. माझा नायक चौदा वेळा हळदीच्या पोत्यांवरून उठला आणि चौदा वेळा त्यानं तंबाखू मळली.

सुटका झाली तीही धंद्यामुळेच. ऑडिटच्या आधीचे दिवस, कोणाच्या तरी खात्याचे चार हजार आले होते आणि कोणाचे ते कळत नव्हते. मॅनेजर म्हणाले, “आत्ता सस्पेन्सला टाका आणि रोजकीर्द बंद करा.” एंट्री कुठली ते कळत नसेल तर ती सस्पेन्स खात्यात ठेवायची, दिवस बंद करायचा, शोध नंतर घ्यायचा. मी त्या रात्री घरी येऊन पहिल्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं ‘सस्पेन्स’ लिहिलं, कारण नायकाच्या बायकोचं माहेर कुठलं हेच ठरत नव्हतं, आणि दुसरं प्रकरण उघडलं. आज हस्तलिखितात असे सदतीस सस्पेन्स आहेत. मुलगी म्हणते, आईची रहस्यकथा आहे.

रहस्य नाही. हरिपूरच्या पेवांची गोष्ट आहे. सांगलीपासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमावर हे गाव. तिथल्या जमिनीत पेवं खणून हळद ठेवायचे, तोंड अरुंद, पोट मोठं. ‘पेव फुटलं’ असं आपण उठसूट म्हणतो, पण पेव पाहिलेलं नसतं. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. माझा नायक पेवात उतरणारा हमाल आहे.

आता कार्डाबद्दल. तीन कार्डं भरलीत. एकूण भरणा चौऱ्याण्णव हजार शब्द, हस्तलिखितात शिल्लक अठ्ठावन्न हजार. छत्तीस हजार गेले कुठे? कापले. कापलेले शब्द कार्डावर वजा करायचे का, असं मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, “भरणा तो भरणा. काढल्याची स्लिप येगळी.” गेल्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या गडबडीत, उगाचच मी पहिल्या कार्डाची तपासणी केली. हजाराच्या वरचे अकरा दिवस होते. अशा दिवशी मी घरी आल्यावर शिरा केला असेल. त्या अकरा दिवसांतलं आज जेमतेम दोन दिवसांचं शिल्लक आहे. बाकी सगळे संवाद. दोन माणसं भांडायला लागली की शब्द भराभर पडतात, आणि माझी माणसं तर कारण नसताना भांडतात. जे टिकलंय ते साठ-सत्तर-ऐंशीवाल्या दिवसांचं.

काही घरं दाखवते. तिसरं कार्ड, सप्टेंबर. मंगळवार ४०, बुधवार ६५, गुरुवार ०, शुक्रवार ८०, शनिवार ०. नायक पहिल्यांदा पेवात उतरतो तो प्रसंग. कंबरेला दोर, हातात कंदील, असं मी लिहून मोकळी झाले होते. पण वाक्य उभंच राहीना. कंदील हातात, मग दोर कुठल्या हातानं धरला? शेवटी शनिवारी सुट्टी टाकून स्कूटरवरून हरिपूरला गेले. तिथे एका आजोबांच्या ओट्यावर बसले. ते हसायला लागले. “हातात कशाला? कंदील आदी खाली सोडायचा. त्यो इझला, तर माणूस उतरवायचा न्हाई. वर बसून ऱ्हायाचं.” बंद पेवात हवा कोंदलेली असते. झाकण काढून थांबायचं, दिवा सोडून बघायचा, तो जळत राहिला तर उतरायचं.

मी परत आले ती अख्खं प्रकरण डोक्यात घेऊन. सहा वाजता मुद्दाम पतसंस्थेत गेले आणि काकांना सगळं सांगितलं, कंदील, विझणं, वर बसून राहणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं. शब्द किती?” मी म्हटलं, “अजून लिहिलं नाही.” त्यांनी शून्य घातलं.

अन्यायच आहे हा. वर्षातला सगळ्यात कामाचा दिवस आणि कार्डावर भोपळा. दोन दिवस माझं त्यांच्याशी धड बोलणं नव्हतं. पण मी त्या शून्याला सूट मागितली असती, तर पुढच्या प्रत्येक शून्याला माझ्याकडे एक हरिपूर तयार असतं. मी स्वतःला ओळखते.

तर कुठपर्यंत आली? एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत. झाकण काढलंय, कंदील खाली सोडलाय, नायक तोंडाशी उकिडवा बसून वाकून बघतोय. विझतो की नाही ते ठरलंय, पण तुम्हाला सांगत नाही.

हा लेख लिहायला तीन सकाळी गेल्या. काल संध्याकाळी काका आले, चहा घेतला, कार्ड काढलं. “आज किती?”

मी म्हटलं, “पाचशे तीस. पण कादंबरीचे नाहीत, एक लेख लिहितेय. तुमच्यावरच आहे.”

“मग ते दुसरं खातं,” असं म्हणून त्यांनी शून्य घातलं.