खोबरेल तेलात अडकलेलं मशीन

'शिलाई मशीन. जाम आहे. १८०० रु.' जाहिरातीत एवढंच. फोटो एकच, तोही तिरका, मशीनवर कसलीतरी पिशवी ठेवलेली.

असल्या जाहिराती मला आवडतात. चकचकीत फोटोंना मी एकदा भुलले होते. परराज्यातून कुरिअरने मशीन मागवलं, विकणाऱ्याने ते लाकडी पाटावरून न काढताच खोक्यात कोंबलं. आलं तेव्हा खांबाला ही एवढी चीर. बीड (ओतीव लोखंड) तडकलं की संपलं. तेव्हापासून एसटीने जाऊन आणता येईल तेवढ्याच अंतरातलं बघते. 'फौजी आहे, बदली झालीय, गाडीभाडं आधी टाका' म्हणणाऱ्यांचा तर फोनच ठेवते.

विकणाऱ्या बाईंना मेसेज केला, "काकू, मशीनच्या लोखंडी पाट्यावर उजवीकडे नंबर ठोकलाय, त्याचा फोटो पाठवता का?" नंबर 'वाय'ने सुरू होत होता. म्हणजे सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक कारखान्यातलं, १९२२ ते १९३५ या काळातलं. सोनेरी वेलबुट्टी स्टिकर लावून नवी करता येते, ठोकलेला नंबर सहसा कुणी खोडत बसत नाही.

रविवारी गेले. पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर, बॅटरी, माझा दोरा आणि दुपदरी मांजरपाट (विकणाऱ्याच्या कापडावर टीप नेहमीच सुंदर येते). हातमशीन होतं. चाक जागचं हलेना. पण बॅटरीच्या उजेडात गंज नव्हता, पिवळट चिकट थर होता. नाक जवळ नेलं.

"काकू, यात खोबरेल घालायचा का?"

"मग काय! थंडीत जड जायचं म्हणून सासूबाई आधी उन्हात ठेवायच्या."

हे मोडलेलं नाही, असं मी सांगून टाकलं. नवरा म्हणतो, तिथेच माझं चुकलं. काकूंनी विचार केला आणि २००० मागितले. दिले.

घरी सुई आणि सुईखालची पट्टी काढून दोन रात्री रॉकेल सोडत राहिले. तिसऱ्या दिवशी चाक अर्धा फेरा फिरलं, मग पूर्ण. पुसून मशीनचं तेल घातलं. बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते ती डबी) मुळातच नव्हती, पण ती साध्या उषा मशीनला लागते तीच निघाली, बाजारात लगेच मिळाली. पहिली टीप खाली गुंतली, वरच्या दोऱ्याचा ताण वाढवल्यावर सरळ झाली.

काकूंना व्हिडिओ पाठवला. लगेच फोन. "अगं, तोच आवाज!" मग थोडं थांबून, "सासूबाईंच्या बॉबिन पण आहेत डब्यात. त्यांचे किती देशील?"