मासे एवढूसे, मग टँक मोठा कायले?

परवा रात्री मानेवाड्यावरून भाच्याचा फोन, "मामा, निऑन टेट्रा घेऊन राहिलो बारा, मासे तर एवढूसे आहेत, मंग एक फुटी टँक पुरेल ना?" मी म्हटलं नाही पुरणार. तर म्हणे, "काहून? दुकानात तर त्याहून लहान टँकमधे पन्नास ठेवले होते." आता दुकानातले मासे तिथे चार दिवस राहतात आणि विकले जातात, तुझ्याकडे ते दोन-चार वर्षं राहणार आहेत, हे फोनवर सांगितलं, पण पूर्ण सांगणं झालं नाही, म्हणून नीट लिहून काढतो. नागपुरात टँक घेणाऱ्या आणखी कोणाला उपयोग झाला तर चांगलंच.

माझ्याकडून हीच चूक झाली होती. मुलीच्या वाढदिवसाला मार्चमधे बारा बाय आठ बाय आठ इंचाचा टँक आणला, आठ निऑन टाकले. हिशेबाने त्यात साडेबारा लिटर पाणी मावतं, पण खालची रेती आणि वरचं दोन बोटं रिकामं सोडलं की उरतं दहा लिटर, म्हणजे आंघोळीच्या बादलीपेक्षा कमी. एप्रिल कसाबसा निघाला. मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद, एअर पंप बंद, आणि तीन वाजता पाहतो तर आठही मासे वरच्या कोपऱ्यात तोंड पाण्याच्या कडेला लावून उभे, कल्ले भराभर हलत होते आणि त्यांच्या अंगावरचा निळा पट्टा अगदी फिका पडलेला. थर्मामीटरवर ३४. घाबरून मी फ्रीजमधला बर्फाचा अख्खा ट्रे आत टाकला, पाणी दहा मिनिटांत तीनेक डिग्री उतरलं आणि तो झटका त्यांना सहन झाला नाही, संध्याकाळपर्यंत पाच गेले. मुलगी दोन दिवस त्या टँककडे पाहत नव्हती. तोच ट्रे मोठ्या टँकमधे पडला असता तर एक डिग्रीसुद्धा फरक पडला नसता, हे मला नंतर गणित मांडल्यावर कळलं.

तर मुद्दा हा आहे की मासा किती लांब आहे हे पाहून टँक घ्यायचा नसतो, निदान नागपुरात तरी नाही, इथे टँक घ्यायचा तो मे महिना डोळ्यांपुढे ठेवून. थोडं पाणी लवकर तापतं, लवकर थंड होतं, लवकर घाण होतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ ला सातच्याही खाली, आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. तसंच अमोनियाचं. माशाची घाण आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो, तो गरम पाण्यात जास्त विषारी असतो, आणि दहा लिटरमधे तो दोन फुटी टँकच्या पंचेचाळीस लिटरपेक्षा साडेचार पट दाट होणार. आमच्याकडे मुलीने प्रेमाने एक चिमूट खाणं जास्त टाकलं की सकाळी पाणी दुधाळ दिसायचं. मोठ्या टँकमधे अशी चूक पचून जाते.

म्हणून माझं सरळ म्हणणं, शांत स्वभावाचे छोटे मासे थव्याने ठेवायचे असतील तर दोन बाय एक बाय एक फुटाच्या खाली जाऊ नका. सेंटिमीटरमधे साठ गुणिले तीस गुणिले तीस भागिले हजार, ५४ लिटर, खरं पाणी ४५ च्या आसपास. दर आठवड्याला पाव पाणी बदलायचं म्हणजे जेमतेम एक बादली, त्यामुळे कामही वाढत नाही. उलट लहान टँकच्या मागे जास्त धावावं लागतं.

आणि आडवा टँक घ्या, उभा नको. हे दुकानात कोणी सांगत नाही. एक बाय एक बाय दोन फूट उंच टँकमधेही पाणी तेवढंच मावतं आणि दिवाणखान्यात तो छान दिसतो, पण हवेला लागणारं पाणी नऊशे चौरस सेंटिमीटर, आडव्याचं अठराशे. लाइट गेल्यावर पंप बंद असतो तेव्हा मासे त्या वरच्या पाण्यावरच जगतात. शिवाय हे मासे आडवे पोहतात ना, झेब्रा डॅनिओ पाहा, दोन फूट एका झटक्यात पार करतो, परत येतो, एक फुटी टँकमधे तो बिचारा नुसता वळत राहतो.

मासे कोणते, यावर भाच्याशी थोडी वादावादी झाली. निऑन सुंदर आहे पण त्याला २६ च्या वर फारसं मानवत नाही, आणि आपल्याकडे मेमधे घरातलं पाणी सहज तीसच्या वर जातं. तसाच दिसणारा कार्डिनल टेट्रा उष्णता जास्त सोसतो. ओळखायची खूण सोपी आहे, निऑनचा लाल रंग पोटाच्या मधून शेपटीकडे सुरू होतो, कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असतो. एंबर टेट्राही चालेल, आठ-दहाचा थवा, खाली तळाशी फिरणारे सहा छोटे कोरी मासे, वर एक हनी गुरामी, दोन फुटीत एवढं पुरे. गप्पी घ्यायचे तर नुसते नर घ्या, कारण मादी दर महिन्याला वीस-तीस पिल्लं टाकते आणि नर काढून टाकला तरी काही महिने टाकतच राहते. बोअरचं जड पाणी असेल तर गप्पीला उलट बरं पडतं, टेट्राला पेंच धरणाचं नळाचं पाणी ठीक, फक्त क्लोरीन जायला एक दिवस बादलीत ठेवायचं किंवा अँटी-क्लोरीन टाकायचं. एंजल मात्र नको, दुकानात रुपयाएवढा दिसतो, वर्षभरात तळहाताएवढा होतो आणि हेच टेट्रा खातो.

ज्याच्याकडे खरंच जागा नाही त्याने एकटा फायटर मासा ठेवावा, वीस-पंचवीस लिटरमधे. तो वर येऊन हवेतून श्वास घेतो म्हणून टिकतो, पण म्हणून त्याला काचेच्या बरणीत ठेवणं मला पाहवत नाही.

जागेचं सांगतो. पश्चिमेच्या भिंतीला टँक लावू नका, आपल्याकडे ती भिंत मेमधे रात्री दहापर्यंत तापलेली असते. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे ठेवा. पाण्यावर एक छोटा क्लिपचा पंखा लावला तर कोरड्या हवेत दोन-तीन डिग्री उतरतात, पाणी मात्र रोज बोटभर आटतं, ते भरत राहावं लागतं, आणि आटताना क्षार मागेच राहतात म्हणून नुसतं भरून चालत नाही, बदलावंही लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास जातो तेव्हा पन्नास वॉटचा हीटर लागेल. वजन पण धरा, पाणी पंचेचाळीस किलो, काच नऊ, रेती पाच-सहा, म्हणजे साठ किलो. प्लायवूडच्या स्टडी टेबलवर एवढं ठेवायचं नाही.

आणि पाणी भरलं की लगेच मासे नको. अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमधे बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. भाच्याला हे सगळ्यात जड गेलं, त्याला येत्या रविवारीच मासे पाहिजे होते.

काल त्याने फोटो पाठवला, दिवाण आणि स्विचबोर्डच्या मधे मेजरिंग टेप धरलेला, पूर्वेची भिंत, २६ इंच जागा. खाली लोखंडी स्टँड करून घेतो म्हणाला. मी म्हटलं टँकखाली थर्माकोलची शीट टाक, लेव्हल पाहून घे, आणि टँकची पाठ भिंतीपासून चार बोटं लांब ठेव, फिल्टरचा पाइप जायला.